कोळसा की सूर्य? खरा प्रश्न रजिस्टरातल्या नावाचा आहे

गेल्या वर्षी आमच्यासमोर दोन नोकऱ्या होत्या. एक हातात असलेली आणि एक दारात आलेली. हातातली नोकरी औष्णिक वीज केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीतली होती. दारात आलेली नोकरी सौर प्रकल्पांसाठी जमीन शोधणारे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका नव्या कंपनीतली. पगारात फारसा फरक नव्हता. ऑफिसातले मित्र म्हणाले, यात विचार काय करायचा? कोळसा म्हणजे भूतकाळ, सूर्य म्हणजे भविष्य. पृथ्वी वाचवायची संधी मिळते आहे, उडी मार!

आम्ही उडी मारली नाही. दोन महिने विचार केला. आपली बरीच मुले आज संगणक शिकून पुण्यात, हैदराबादेत, बंगळुरूत कोड लिहीत आहेत आणि त्यांच्यासमोरही हा प्रश्न येतो आहे. म्हणून तो विचार इथे मांडतो.

आमचे घर विजेच्या केंद्रानेच चालवले. आजोबा वऱ्हाडातले भूमिहीन शेतमजूर. वडील गाव सोडून विदर्भातल्या एका औष्णिक केंद्राच्या गेटवर आले आणि राख विभागात कंत्राटी कामगार झाले. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण फार, साधारण तीस ते पंचेचाळीस टक्के. म्हणजे शंभर किलो कोळसा जाळला की तीस-चाळीस किलो राख उरते आणि ती कोणाला तरी हलवावी लागते. आमच्या वस्तीत ती हलवणारे हात होते. दांडीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर संध्याकाळपर्यंत करडी पूड बसायची. आई ती झटकायची आणि काही बोलायची नाही, कारण त्याच राखेतून आमच्या वह्या यायच्या. केंद्र डोळ्यांसमोर, पण वस्तीतल्या खांबावर दिवा उशिरा लागला. वीज आमच्या डोक्यावरच्या तारांमधून दूर निघून जायची.

म्हणून "कोळसा वाईट" असे कोणी एसीत बसून सांगितले की आम्हाला राग येतो. पण राग हा युक्तिवाद नव्हे. म्हणून आधी बाबासाहेबांकडे गेलो.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. वीज आणि पाटबंधारे यांचे नियोजनही त्यांच्या खात्याकडे होते. १९४३ साली विजेच्या धोरण समितीसमोर बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक वीज कशासाठी हवी हे स्पष्ट केले. विजेशिवाय उद्योग नाही आणि उद्योगाशिवाय या देशातल्या माणसाची दारिद्र्यातून सुटका नाही, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले. दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया त्याच काळातला. आणि हाच माणूस १९४३ च्या डिसेंबरमध्ये धनबादला जाऊन कोळशाच्या खाणीत उतरला, कामगार कसा जगतो हे पाहिले आणि खाण कामगारांच्या कल्याण निधीचा मार्ग मोकळा केला. वीज हवी, पण ती काढणाऱ्याचे काय, हे दोन्ही प्रश्न त्यांनी एकत्र विचारले.

यंत्राबद्दलही त्यांची भूमिका स्वच्छ होती. गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी दाखवले की दोष यंत्रात नसतो, ते यंत्र ज्या समाजरचनेत चालते तिच्यात असतो. आमच्या मते आजच्या हवामानाच्या चर्चेला हीच कसोटी लावली पाहिजे. कोळशाचे यंत्र पापी आणि सौर पॅनल पुण्यवान, ही भाषा आपली नाही. कोणते यंत्र हे विचारायचेच, पण त्यासोबत ते कोणाच्या जमिनीवर, कोणाच्या श्रमावर आणि कोणाच्या मालकीत चालते हेही विचारायचे.

ही कसोटी आम्ही आधी स्वतःवर लावली, आणि तिथेच अडखळलो.

हातातल्या नोकरीत आमच्याकडे बॉयलरचे आकडे, कोळशाची आवक, असे बरेच काही होते. त्यात कंत्राटी कामगारांच्या हजेरीचाही एक भाग होता. एक दिवस टिकीट आले: एखाद्या कामगाराचे बारा महिन्यांतले कामाचे दिवस २२५ झाले की त्याचे नाव लाल दिसावे आणि कंत्राटदाराला अलर्ट जावा. आम्ही दीड दिवसात ते लिहून दिले. टेस्ट पास झाली. शाबासकी मिळाली.

काही महिन्यांनी दिवाळीला घरी गेलो. वडील निवृत्त झाले होते, म्हणजे काम बंद झाले होते; कंत्राटी माणसाला निवृत्ती कुठली? त्यांनी पत्र्याच्या पेटीतून जुने गेटपास काढले. बावीस वर्षे, पाच कंत्राटदार. प्रत्येक पासवर फोटो तोच, कंत्राटदाराचे नाव वेगळे. आणि प्रत्येक वर्षात दीड-दोन महिन्यांचे भगदाड. "हे काय?" विचारले. म्हणाले, "ब्रेक देत होते ना. दोनशे चाळीस भरू द्याचेच नाईत."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की सेवा सलग धरली जात होती आणि कामगाराला काही हक्क मिळत होते. म्हणून २२५ व्या दिवशी नाव लाल करायचे. वडिलांच्या काळात हे काम मुकादम वहीत बघून करायचा. त्याची वही त्यांच्या मुलाने सॉफ्टवेअरमध्ये घातली होती. आमच्या हाताने! पगार घेऊन!

परत आल्यावर वरिष्ठांशी बोललो. ते म्हणाले, ग्राहकाची मागणी आहे, आपण फक्त दिवस मोजतो. आमचा तो कोड आजही कुठेतरी दिवस मोजत असेल. हे इथे लिहिताना लाज वाटते, पण लपवले तर पुढचे बोलण्याचा अधिकार राहत नाही.

मग वाटले, बस झाले. सूर्याकडे जाऊ. तिथे धूर नाही, राख नाही.

मुलाखत चांगली झाली. शेवटी त्यांनी डेमो दाखवला. नकाशावर तालुका निवडायचा. सॉफ्टवेअर उपग्रहाची चित्रे, जमिनीचा उतार, रस्त्यापासूनचे आणि वीज उपकेंद्रापासूनचे अंतर, जमिनीचा प्रकार हे सगळे एकत्र करते आणि योग्य जागा हिरव्या रंगात दाखवते. एक मेगावॉट सौर प्रकल्पाला साधारण चार-पाच एकर लागतात, म्हणून सलग, सपाट आणि वादाविना असलेली सरकारी जमीन सगळ्यांना हवी असते. आम्ही सहज म्हणालो, आमचा तालुका दाखवा. दाखवला. गाव दाखवा. दाखवले. नाल्याच्या वळणापाशी, दोन कडुनिंबांच्या शेजारी एक हिरवा तुकडा होता. प्रकार: सरकारी, पडीक, मोकळी. गुण शंभरपैकी ८७.

ती आमच्या आजीची तीन एकर होती.

वऱ्हाडात जिला ई-क्लास म्हणतात आणि मराठवाड्यात गायरान, ती ही जमीन. आजोबांनी १९८२ साली तिथले दगड वेचले, बांध घातला, ज्वारी पेरली. तलाठ्याने दंड केला. आजोबांनी दंड भरला आणि पावती जपून ठेवली, कारण त्या पावतीवरच लिहिलेले असते की या जमिनीवर हा माणूस आहे. आमच्या लोकांच्या हातात सात-बारा नाही, दंडाच्या पावत्या आहेत. शिक्षेचा कागद हाच हक्काचा पुरावा, असा प्रकार जगात आणखी कुठे असेल?

आम्ही विचारले, "इथे कोणी कसतं का, हे तुमचं सॉफ्टवेअर बघतं?"

समोरचा तरुण सज्जन होता. त्याने खरेच तपासले आणि सांगितले, "रेकॉर्डवर कोणी नाही."

मित्रांनो, या वाक्यासाठी हा लेख लिहिला आहे. रेकॉर्डवर कोणी नाही. वडील बावीस वर्षे केंद्रात होते. केंद्राच्या रेकॉर्डवर ते नव्हते, कंत्राटदाराच्या होते. आजी चाळीस वर्षे शेतात आहे; सात-बारावर ती नाही. कोळशाने आम्हाला मोजले ते तोडण्यासाठी. सूर्याने आम्हाला मोजलेच नाही.

रात्री आम्ही तीच जमीन घरी बसून पाहिली. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे मोफत मिळतात, साधारण दर पाच दिवसांनी नवीन, दहा मीटरचा एक ठिपका. तीन एकर म्हणजे सुमारे १२० ठिपके. कंपनीने वापरलेले चित्र मे महिन्यातले होते. का? कारण तेव्हा आकाशात ढग नसतात, चित्र स्वच्छ येते. पण मे महिन्यात कोरडवाहू शेत कसे दिसते? उघडे, भुरे, रिकामे. विहीर असलेल्या बागायतदाराचे शेत उन्हाळ्यातही हिरवे दिसते. ज्याच्याकडे पाणी नाही त्याचे शेत मे महिन्यात पडीकच दिसणार. आम्ही त्याच जागेची ऑक्टोबरातली चित्रे काढली. १२० च्या १२० ठिपक्यांवर तूर उभी होती. मागच्या वर्षीही. त्याच्या मागच्या वर्षीही.

कोणी मुद्दाम आपली जमीन लपवली नव्हती. जात मनात धरून कोणी कोड लिहिला नव्हता. स्वच्छ चित्र हवे, एवढाच हेतू होता. पण ज्या देशात पाणी कोणाकडे आणि सात-बारा कोणाच्या नावे हे जातीने ठरले, तिथे "स्वच्छ चित्र" निवडले की आपण त्या चित्रातून आपोआप पुसले जातो. यंत्रात दोष नाही, समाजरचनेत आहे, ही गोष्ट आम्हाला त्या रात्री स्क्रीनवर दिसली.

ही तीन एकरांची गोष्ट एकट्या आमची नाही. १९६४-६५ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला, लाखोंनी तुरुंग भरले. मागणी होती पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला देण्याची. महाराष्ट्र शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली शेतीसाठीची पात्र अतिक्रमणे नियमित करायचे ठरवले. तारीख पाहा, १४ एप्रिल! आजोबांनी अर्ज दिला. त्यावर आदेश आजपर्यंत आलेला नाही. अशी किती घरे असतील, ज्यांच्या पेटीत अर्जाची पोच आहे आणि आदेश नाही?

आता त्याच जमिनींवर सौर प्रकल्प येत आहेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतकऱ्याने खासगी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात. चांगली गोष्ट आहे. पण भाडे मालकाला मिळते. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला काय? कर्नाटकात पावगडा इथे दोन हजार मेगावॉटहून मोठा सौर पार्क सुमारे तेरा हजार एकरांवर उभा आहे. जमीनमालकांना भाडे मिळाले. त्या शेतांवर मजुरी करणाऱ्या भूमिहीनांची मजुरी गेली, आणि त्यात दलित मोठ्या संख्येने होते.

आणखी एक मुद्दा, ज्यावर आपले कार्यकर्ते पुरेसे बोलत नाहीत. जुने वीज मंडळ आणि २००५ साली त्याचे विभाजन होऊन झालेल्या सरकारी कंपन्या यांत आरक्षण आहे. आपल्या कित्येक घरांतला पहिला पगार लाइनमन, ऑपरेटर, ज्युनियर इंजिनियर म्हणून आला. नवी सौर आणि पवन वीज मोठ्या प्रमाणावर खासगी कंपन्या काढतात. तिथे आरक्षण नाही. म्हणजे कोळशाकडून सूर्याकडे जाताना देश नकळत आरक्षित जागांकडून अनारक्षित जागांकडेही जातो आहे. हवामान परिषदांत याचा उल्लेख कोणी करणार नाही. तो आपणच केला पाहिजे.

मग कोळसाच बरा, असे म्हणायचे का? अजिबात नाही. इथे आपल्यातल्याही काही जणांशी आमचा वाद आहे. ते म्हणतात, हवामान बदल हे श्रीमंतांचे दुखणे, आपल्याला आधी रोजगार हवा. त्यांना आमची विनंती आहे, मे महिन्यात विदर्भात दुपारी दोन वाजता पत्र्याच्या घरात बसून पाहा. नाक्यावर, वीटभट्टीवर, गटारात, शेतात उन्हात कोण उभे असते? उष्णतेची लाट जात बघत नाही, हे खोटे आहे. ती कामावरून माणूस ओळखते आणि काम जातीने ठरलेले आहे. धुराचेही तेच. औष्णिक केंद्रांसाठी कडक उत्सर्जन निकष डिसेंबर २०१५ मध्ये आले. मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना गंधकाचा वायू रोखणाऱ्या यंत्रणेच्या सक्तीतून सूट मिळाली. चिमणीखाली राहणाऱ्या वस्तीला कोणी विचारले? आईने कपडे झटकले आणि गप्प राहिली, याचा अर्थ राख आम्हाला मान्य होती असा नाही. कोळशाने आमची चूल पेटवली हे खरे, म्हणून तो आमचा होत नाही. ज्याने बावीस वर्षांत एकदाही २४० दिवस भरू दिले नाहीत, त्याचे आम्ही देणे लागत नाही.

आजही देशातली सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशातून येते, पण नवी भर मुख्यतः सूर्य आणि वाऱ्याची आहे. हे वळण थांबणार नाही. प्रश्न एवढाच की नियम लिहिले जात असताना आपण खोलीत असू की दहा वर्षांनी बाहेर मोर्चा घेऊन उभे असू. मोर्चा लागेलच. पण आतही कोणीतरी हवे.

शेवटी वडिलांना फोन केला. सगळे ऐकून म्हणाले, "कोयसा असो का ऊन, आपलं नाव रजिस्टरात हाये का, थे पाय."

आम्ही नव्या कंपनीला दोन अटी कळवल्या. पहिली: जमीन "मोकळी" ठरवण्याआधी किमान तीन वर्षांची खरीप आणि रब्बी दोन्ही हंगामांची चित्रे तपासायची, आणि पावसाळ्यात ढग आडवे आले तर रडारची, कारण रडार ढगांतूनही पाहते. दुसरी: तलाठ्याकडे अतिक्रमणांची नोंदवही असते, गाव नमुना एक-ई. तिच्यातल्या नोंदी नकाशावर आणायच्या. दोन आठवडे उत्तर नाही. मग बोलावले. न्यायाची भाषा तिथे चालली नाही. गावाने काम अडवले तर प्रकल्प वर्षभर रखडतो, ही भाषा चालली. पहिली अट मान्य झाली. दुसरीला "पुढे बघू".

ही दुसरी अट आम्ही स्वतःच मागे घेतली, पण कारण वेगळे होते. ते वडिलांनी सांगितले. "नाव लिहिलं की हटवाले बी थेच नाव सापडते." बरोबर होते! २०२२ साली गायरानावरील अतिक्रमणांचा विषय मुंबई उच्च न्यायालयात आला तेव्हा राज्यभर नोटिसा निघाल्या होत्या. २०११ च्या जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितले. भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या आदेशाने दिलेल्या पट्ट्यांसारखे अपवाद ठेवले. म्हणजे वाचवतो तो आदेशाचा कागद. तो हातात नसताना सगळ्यांची नावे एका खासगी कंपनीच्या नकाशावर ठेवणे म्हणजे हटवायची तयार यादी देणे. माहिती दुधारी असते. ती कोणाच्या हातात आहे यावर सगळे ठरते.

आम्ही ती नोकरी घेतली. आज आमची तीन एकर हिरव्यातून पिवळ्यात गेली आहे. पिवळा म्हणजे "जागेवर जाऊन तपासा". यात विजय फार मोठा नाही. तपासायला जाणारा माणूस आजीशी बोलेल की सरपंचाच्या ओट्यावरून परत येईल, हे आमच्या कोडमध्ये नाही. उद्या मालक बदलले तर हा फिल्टर एका ओळीत बंद करता येतो. पण तोपर्यंत मे महिन्याचा एक फोटो पाहून कोणाचे शेत पडीक ठरत नाही.

म्हणून आपल्या तरुण डेव्हलपरांना सांगणे आहे. कोळशाच्या कंपनीत असा की हवामानाच्या, नोकरी घेताना पगाराच्या आकड्यानंतर तीन गोष्टी विचारा. आपण लिहितो त्या कोडमध्ये कोणाला मोजले जाते? कोणाला मोजले जात नाही? आणि मोजलेला आकडा कोणाच्या बाजूने वापरला जातो? उत्तर आवडले नाही तर लगेच राजीनामा फेकायची गरज नाही. प्रत्येकाच्या मागे घर आहे, हप्ते आहेत, हे आम्ही जाणतो. पण निदान प्रश्न विचारल्याची नोंद ईमेलमध्ये राहू द्या. आम्ही २२५ दिवसांच्या टिकिटावर तो प्रश्न विचारला नव्हता.

आणि कार्यकर्त्यांना विनंती: या हिवाळ्यात आपल्या तालुक्यात एक काम हाती घ्या. दंडाच्या पावत्या, एक-ईचे उतारे, १९९१ च्या निर्णयाखालच्या अर्जांच्या पोच, सगळे स्कॅन करा. मूळ कागद कोणाला देऊ नका. प्रत्येक शेताची तीन वर्षांची ऑक्टोबरातली उपग्रह चित्रे आम्ही काढून देऊ, फुकट, रविवारी बसून. तलाठ्याचा उतारा आणि उपग्रहाचे चित्र एकाच फाइलला लावून आदेशासाठी तहसीलदारांकडे पाठपुरावा करा. ही माहिती आपल्या संघटनेकडे राहील, कंपनीकडे नाही. आदेश हातात आला की मग पाहू कोणता नकाशा आपल्याला वगळतो ते.

आजीला हे सगळे समजावून सांगितले. तिने एकच विचारले, "मंग त्या वरच्या फोटोत मी दिसतो का रे?" दहा मीटरच्या ठिपक्यात माणूस दिसत नाही, आजी. पण तू पेरलेली तूर दिसते.

जय भीम!